कायेम्बाच्या कानातली वायर

न्येंडोच्या बाजाराशी, फणसाच्या झाडाखाली आमच्या बोडावाल्यांचा, म्हणजे मोटरसायकलवर भाडं मारणाऱ्यांचा, अड्डा आहे. एकतीस मोटरसायकली, एकतीस नारिंगी जाकिटं आणि तीस तोंडं. एकतिसावं तोंड कायेम्बाचं, पण ते उघडलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. रांगेत त्याची पाळी आली की पुढच्याची गाडी हललेली बघून तो आपली गाडी पुढे घेई, गिऱ्हाईक बसलं की निघून जाई. कानात कायम पांढरी वायर. ती गळ्यावरून खाली उतरून शर्टाच्या खिशात गेलेली.

गिऱ्हाईक बसायच्या आत तो एकच वाक्य बोले, "मी गाणी ऐकतो. वळायचं असलं की त्या बाजूच्या खांद्यावर थाप मारायची, थांबायचं असलं की पाठीवर." काही गिऱ्हाइकं कुरकुरत, पण मारत. पैसे देऊन वर थापा मारायला मिळतात, म्हटल्यावर कोण सोडतो.

त्याच्या गाडीला आरसे होते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण न्येंडोत कुठल्याच बोडावाल्याच्या गाडीला आरसा नसतो. दोन ट्रकांच्या फटीतून घुसताना आरसा अडकतो, म्हणून गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो काढून टाकायचा, अशी आमची रीत. कायेम्बाच्या गाडीला दोन आरसे होतेच, वर मधोमध दाढीचा एक छोटा आरसा त्याने तारेने बांधला होता. पोरं त्याला नवरी म्हणत. "नवरी, पावडर लागली का नीट?" कायेम्बा उत्तर देत नसे, आणि हाच सगळ्यांच्या रागाचा मुद्दा होता. माणसाने शिवी द्यावी, हसावं, काहीतरी करावं. हा गाणी ऐकत बसतो, म्हणजे स्वतःला समजतो तरी कोण?

सगळ्यात जास्त राग बोसाचा. बोसा त्याच्याच वयाचा, चाळिशीचा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोघं शेजारी गाड्या लावत. मग बोसाने बोलणं टाकलं. कारण काय, हे त्याने कुणाला सांगितलं नाही आणि कायेम्बाने विचारलं नाही.

नंतर वास्वाचा अपघात झाला. वास्वा अड्ड्यावरचाच, चोवीस वर्षांचा. कानात गाणं लावून चालला होता आणि पेट्रोल पंपाकडे एकदम उजवीकडे वळला. मागून केळ्यांचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकला होता. वास्वाचा पाय दोन ठिकाणी मोडला, मागे बसलेल्या शाळेतल्या बाईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला उचललं तेव्हा कानातून निघून पडलेल्या वायरीत गाणं तसंच चालू होतं, हे उचलणाऱ्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून आमच्यातल्या चार जणांनी तिथल्या तिथे आपापल्या वायरी काढल्या.

अड्ड्याचा अध्यक्ष लुटाया म्हातारा. त्याने सभा घेतली. बोसाने नियम मांडला आणि कडक मांडला: कानात वायर दिसली की जाकीट जप्त, महिनाभर अड्डा बंद. दुसऱ्यांदा दिसली की कायमचा बंद. जाकिटाशिवाय न्येंडोत कुणी भाडं मारू शकत नाही. सगळ्यांनी हात वर केले. इतरांचे वर गेलेले बघून कायेम्बानेही केला. नियम चांगलाच होता. आजही चांगलाच आहे.

घरी गेल्यावर बायकोने त्याला समोर बसवून नियम काय झाला ते सांगितलं. ती गावातून ऐकून आली होती. कारण कायेम्बाला त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता. अकरा वर्षं त्याने कॉफी सालायच्या गिरणीत मशीनला खेटून काम केलं होतं. मशीनने आधी त्याच्या कानातली पाखरं नेली, मग कुजबूज, मग माणसं. गिरणी सोडून त्याने गाडी घेतली तेव्हा थोडं येत होतं. पाच वर्षांपूर्वी तेही संपलं. ही गोष्ट एकटी नाबुकेन्या, त्याची बायको, जाणत होती. वायरीची युक्ती मात्र त्याची स्वतःची. गाणी ऐकणाऱ्याला लोक उर्मट म्हणतात, पण त्याच्या मागे बसतात.

त्याने वायर काढली. तीन दिवस कसेबसे गेले. वायर नाही म्हटल्यावर थापेचं काय कारण सांगणार? गिऱ्हाइकं मागून बोलायला लागली. दवाखान्यात निघालेली एक बाई "थांब, थांब" ओरडत राहिली आणि हा तिला दीड मैल पुढे घेऊन गेला. शेवटी तिने डोक्यात पर्स घातली तेव्हा थांबला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पर्सचं काही नाही, पण उद्या मागचा माणूस "ट्रक आला" म्हणून ओरडेल, आणि याने ऐकलं असं समजून निवांत बसेल.

"सांगून टाक त्यांना," नाबुकेन्या म्हणाली.

"बहिऱ्याच्या मागे कोण बसेल? तू बसशील?"

"मी रोज बसते."

"तू बायको आहेस. तुला इलाज नाही."

चौथ्या दिवशी त्याने वायर पुन्हा कानात घातली. शनिवार, बाजाराचा दिवस. बोसाने दहाच्या सुमाराला बघितली आणि सरळ चालत येऊन ओढली. वायर खिशातून सुळकन बाहेर आली. टोकाची पिन हवेत लोंबत राहिली. फोन नव्हताच.

कुणीतरी हसलं. वारा ऐकतोय का, असं विचारलं. लुटाया म्हातारा उठून आला आणि त्याने कायेम्बाच्या तोंडाकडे बघितलं. कायेम्बा त्याच्या ओठांकडे बघत होता.

"मला ऐकू येत नाही," कायेम्बा म्हणाला. "पाच वर्षं झाली." आवाज केवढा निघाला याचा त्याला अंदाज नव्हता. पलीकडे टोमॅटो विकणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

 बोसा वायर हातात घेऊन तसाच उभा होता. त्याने काहीतरी विचारलं, पण जमिनीकडे बघत. लुटायाने त्याची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाला, "त्याच्याकडे बघून बोल."

"नदीच्या मोरीपाशी," बोसा म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. सकाळी. माझ्या गाडीत पेट्रोल नव्हतं."

कायेम्बाला आठवेना. कुठली सकाळ, त्याने विचारलं.

मग बोसाला सगळं सांगावं लागलं. समोर उभं राहून, एकेक शब्द सावकाश. ज्या सकाळी त्याची आई गेली, त्या सकाळी ती घरात पडून होती, श्वास घेता येत नव्हता. तो रस्त्यावर आला तर कायेम्बा रिकामी गाडी घेऊन वळणावरून पुढे गेलेला. बोसा ओरडत त्याच्या मागे धावला. ओळखीची पाठ दिसत होती, म्हणून धावतच राहिला. शेजारून, उलट दिशेने दोन गाड्या रिकाम्या गेल्या, त्यांच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मोरी ओलांडून कायेम्बा दिसेनासा झाला तेव्हा तो थांबला. "तुझे ते आरसे," बोसा म्हणाला. "मला वाटलं बघून पण थांबला नाहीस."

"तिथे रस्त्याला झाड आहे," कायेम्बा म्हणाला. "वळणावर आरशात नुसता झाडोरा दिसतो."  बोसाच्या आईच्या मातीला तो गेला होता, खड्डा खणायला त्याने हात लावला होता, बोसाने तेव्हा त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं होतं. ते का, हे त्याला आज कळलं.

"मी लोकांना सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू दुसऱ्या कुणालातरी हाक मारली असतीस."

त्याने जाकीट काढलं आणि बोसाच्या हातात दिलं. महिनाभराची शिक्षा त्याची त्यानेच घेतली. लुटाया काही बोलायच्या आत बोसा जाकीट घेऊन चालू लागला, आणि आम्हाला वाटलं आता हे कायमचंच गेलं. तो टायरवाल्याशेजारच्या पाटी रंगवणाऱ्याकडे गेला. कायेम्बा मागे पायी गेला.

बोसाने स्वतः उभं राहून पाठीवर काय लिहायचं ते सांगितलं. ऐकू येत नाही, थाप मारा. रंगाऱ्याने खडूने आखून दाखवलं. बोसाने ते हाताने पुसलं आणि अजून मोठं कर म्हणाला. रंगाऱ्याने दुसऱ्यांदा आखलं, तेही पुसलं. तिसऱ्यांदा अक्षरं या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत गेली. मग बोसा जाकीट घेऊन रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उभा राहिला, ते उंच धरलं आणि कायेम्बाला हातानेच विचारलं, मागून धावत येणाऱ्याला वाचता येईल का.