दुसरं जावळ

बीपीच्या गोळ्या घ्यायला हॉस्पिटलात गेलो की समोरच्या घराच्या ओट्यावर टेकतो. कॅन्सरच्या लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना राहायला एका संस्थेनं ते बांधलंय. नवी औषधं शोधायलाही ती पैसा देते म्हणे.

काल तिथं एक बाई लेकीच्या डोक्याला तेल लावत होती. औषधानं गेलेले केस परत फुटले होते, कोवळे, भुरे.

"ताई, पोरीला दुसऱ्यांदा जावळ आलं!" ती संस्थेच्या बाईंना म्हणाली.

"मग बोलवा मामाला कात्री घेऊन."

"येऊ दे मेल्याला, त्याचंच मुंडण करते!"

दोघी हसल्या. मी जळलो. खोटं कशाला बोलू?

आमची लेक सुमी याच रोगानं गेली. तेव्हा आम्ही नवराबायको दवाखान्याच्या जिन्याखाली झोपायचो, अन् दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं. बायको यंदा वारली. मरेपर्यंत विचारायची, "सुमी जगली असती तर केस परत आले असते का हो?" मला कुठं ठाऊक होतं? आता कळलं, तर सांगायला ती नाही.

"आजोबा, हात लावून बघा, किती मऊ!" ती बाई म्हणाली.

मी हात मागं घेतला. जळत्या माणसाचा हात लेकराच्या डोक्याला लागू नये.