लुगड्याखालची पेटी

पेटीबाईंच्या घरी पेटी कधी उघडी दिसली नाही. झाकण काढलं की त्या पट्ट्यांवर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरायच्या आणि म्हणायच्या, "घाल हात." अकोल्याच्या डाबकी रोडवरच्या त्या पुढच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत, मी अशी कपड्याखाली हात घालून पेटी शिकले.

मान जरा खाली गेली की हनुवटीखाली त्यांचं बोट यायचं. "तिकडे काय पाहून राहिली? बोटाले डोये नाहीत का तुह्या?" काळ्या पट्ट्यांची जोडी कुठली, तिघींची रांग कुठली, हे चाचपून ओळखायचं आणि तिथून सा गाठायचा. आम्हा मुलींना हा निव्वळ छळ वाटे. शेजारपाजारचे तर बाईंना चक्रमच म्हणत.

कारण पुढे समजलं. बाईंचे वडील साखरेच्या आजारानं आंधळे झाले होते, मग थोरला भाऊ. बाईंनाही तिशीतच साखर निघाली होती. "माह्ये डोये जातीनच," मेथी निवडता निवडता त्या सांगून गेल्या. "पण पेटी नाही जाऊ द्याची." नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही; गल्लीतलं भजनी मंडळ आणि ही पेटी, एवढाच त्यांचा संसार. आम्हाला शिकवताना त्या स्वतःचीच तयारी करत होत्या.

डोळे गेले तेव्हा बाई फारशा खचल्या नाहीत. हात धरून भजनाला नेलं की पेटीपुढे बसायच्या आणि एक सूर इकडचा तिकडे होत नसे. "हाये का काही फरक?" असं वर विचारायच्या. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

मग बोटं गेली. आधी पाय बधिर झाले, नंतर हात. त्याच साखरेनं नसा मारल्या होत्या. बोट पट्टीवर आहे की फटीत, हेच त्यांना कळेना. सूर चुकला की कानाला समजायचं, पण तोवर तो वाजून गेलेला असायचा. मंडळानं दुसरा पेटीवाला पाहिला.

मागच्या उन्हाळ्यात मी अमरावतीहून भेटायला गेले. बाई खाटेवर पडून होत्या. "डोयायची तयारी केली वं मी," म्हणाल्या. "बोटायची करा लागते, हे ध्यानातच नाही आलं." मी पेटी पुढे ओढली आणि सवयीनं लुगड्याचा तुकडा पसरला. कापडाची सळसळ त्यांनी ऐकली.

"काढ तो. डोये हायेत तं पाहून वाजव."

मी पट्ट्यांकडे पाहत वाजवू लागले. तशी सवयच नव्हती, हात अडखळत राहिले. बाई एकदाही रागावल्या नाहीत.