लहान डब्यातला हिरा

संगणकात मी हिरा फार लहान डब्यात भरला. चूक एवढीच, पण तिच्या जोरावर अख्ख्या प्रयोगशाळेला पेढे वाटून मोकळी झाले.

तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते, नुकतीच आजीही झाले होते, आणि दोन्हींचा तोरा एकदमच चढला होता. काम असं होतं: हिऱ्यातला एखादा कार्बनचा अणू काढून तिथे परका अणू बसवला, शेजारची जागा रिकामी ठेवली, तर त्या दोषात अडकलेला इलेक्ट्रॉन क्वांटम यंत्रांसाठी माहिती जपेल का, हे आधी संगणकावर पाहायचं. अख्खा हिरा संगणकात मावत नाही. म्हणून थोड्या अणूंचा डबा घ्यायचा आणि तोच फरशीसारखा चहूकडे मांडत जायचा. डबा लहान असला की दोषाला खेटून त्याचीच नक्कल येऊन बसते आणि उत्तर खोटं येतं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. शिकवलं म्हणजे पाळलं, असं कुठे असतं?

माझं उत्तर मोठं देखणं आलं: इलेक्ट्रॉन माहिती छान जपणार. प्रयोगशाळा सांभाळणारी बाई माझ्यापेक्षा बरीच लहान, हडपसरहून स्कूटरवर यायची. तिने विचारलं, "मॅडम, मोठ्या डब्यात करून बघितलंत?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे करतेय."

काय तो आवाज! आज ऐकला तर मीच मला वर्गाबाहेर काढेन.

तिच्याकडे चांगला हिरा एकच होता. सोमवारी त्यात अणू घुसवायचं ठरलं; एकदा घुसवले की हिरा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कुणाला न सांगता मोठ्या डब्यात गणित करून पाहिलं. इलेक्ट्रॉन त्या जागी टिकेचना.

विभागाच्या प्रमुखांना सांगितलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अहो, होऊ द्या प्रयोग. नाहीच जमलं तर हिऱ्यात आधीच खोट होती म्हणू. आपली अब्रू राहील. आणि आता जरा आराम करा."

"आराम केला की माझे गुडघे दुखतात," म्हणाले आणि प्रयोगाआधीच्या बैठकीत उभी राहिले.

"माझं उत्तर चुकलंय. हिऱ्याला हात लावू नका. दुसरे परके अणू बसवून होणारे उरलेले सगळे दोष मी मोठ्या डब्यात तपासणार आहे. माझं संगणकावरचं खातं बंद करायचं असेल तर आत्ता, सगळ्यांसमोर सांगा."

प्रमुख चहात काहीतरी पडल्यासारखे कपात बघत राहिले. खातं चालू राहिलं.

बाहेर ती बाई स्कूटर काढत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"मॅडम, माझ्यावर आवाज चढवलात तो मी विसरणार नाहीये. सोमवारी दुसरा दोष घेऊन या, हिरा अजून कोरा आहे."