मंजूचं स्थळ आणि मिरवणुकीचा ॲम्प्लिफायर

मला संगीतातलं काही कळत नाही.

आवाजातलं मात्र कळतं, असा माझा समज होता. समज आणि पहिला मोठा पगार एकाच महिन्यात हाती आले की माणसाचं काय होतं, ते आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीनं हादरत हादरत पाहिलेलं आहे. मी नुकताच हडपसरला आयटीत लागलो होतो. बरोबरची मुलं त्या पगारातून गाडी घेत होती, फ्लॅट बुक करत होती, काहीजण तर थेट लग्नच करत होते. मी स्पीकर घेतले.

साधेसुधे नाहीत! कॅम्पातले एक वृद्ध गृहस्थ बंगला आवरून मुलीकडे परदेशी निघाले होते. त्यांच्या दिवाणखान्यात ते दोघे उभे होते. जमिनीवर ठेवायचे, माझ्या छातीपर्यंत उंच, सागवानी अंगाचे, माझ्या जन्माच्याही आधीचे. गृहस्थांनी मला स्पीकर दाखवण्याआधी मलाच नीट पाहून घेतलं.

"खोली केवढी आहे तुमची?"

"बऱ्यापैकी मोठी," मी म्हणालो. (दहा बाय चौदा. त्यात सोफा, टीव्ही, शिलाई मशीन आणि बाबा.)

"यांना श्वास घ्यायला जागा लागते."

"घेतील की!" मी म्हणालो. (आम्ही तरी कुठे घेत होतो?)

टेम्पोतून ते दाराशी आले आणि पहिलाच स्पीकर जिन्याच्या वळणावर असा अडकला, की वरचे वर आणि खालचे खाली. वरच्यांत बाबा होते, हातात पिशवी घेऊन. "मंडईत निघालो होतो," ते स्पीकरच्या माथ्यावरून मला म्हणाले. "सावकाश चालू दे तुमचं. तोवर भाजी उगवेल."

शेवटी दोघांना हॉलमध्ये उभं केलं. आईनं एकाच्या मागं जाऊन दार शोधलं. "उघडत नाही का रे? गव्हाचं पोतं तरी मावलं असतं." बाबांनी दोन्हींना प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "यात राहायला कोण येणार आहे?"

मी कुणाकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे कॉलेजच्या काळातला एक छोटा ॲम्प्लिफायर होता, तो जोडला आणि टेप लावला. सगळे श्वास रोखून बसले. एवढ्या थोरल्या खोक्यांतून जो आवाज आला, तो कुणीतरी पिंपात बसून, तेही नाक धरून, गावं तसा! आईला बिचाऱ्या स्पीकरचीच दया आली. "प्रवासानं थकले असतील," ती म्हणाली.

माझी धाकटी बहीण मंजू कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती उत्तरपत्रिका तपासता तपासता म्हणाली, "दादा, वायरी एकदा बघ. अशा जुन्या स्पीकरना फार ताकद लागत नाही. खोक्याच्या उंचीवरून वॅट ठरत नसतात."

"मंजू, तू फिजिक्स शिकवतेस," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. "हा ऑडिओचा विषय आहे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात वानखेडेला विचारलं. वानखेडे अमरावतीचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि त्याला सगळ्यातलं कळायचं. त्यानं माझ्या ॲम्प्लिफायरची ताकद विचारली आणि डबा खाता खाता कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा! एवढे मोठे स्पीकर अन् वीस वॅट? अबे, हत्तीले शेंगदाणा दाखवून रायला का तू? पावर पाहिजे, पावर!"

हे मला पटलं. (जे पटलं नव्हतं, ते मंजूनं आधीच सांगितलं होतं.) संध्याकाळी बुधवार पेठेतलं एक दुकान गाठलं. काउंटरमागचे गृहस्थ पेपर वाचत होते. मी स्पीकरचं वर्णन केलं आणि यांना पेलेल असा ॲम्प्लिफायर मागितला.

"किती लोकांसाठी?" पेपराआडून प्रश्न आला.

"चार."

"चार हजार?"

"नाही हो, चार. आई, बाबा, बहीण आणि मी."

पेपर खाली आला. "चौघांनाही ऐकू येत नाही का?"

"तुमच्याकडे सगळ्यांत मोठा आहे तो दाखवा," मी ताठ मानेनं म्हणालो.

"दाखवतो. मग तुम्ही घेणार. आमच्यावर बोल नको."

तो एका मंडळाचा होता. कितीतरी वर्षं मिरवणुकीत घालवून निवृत्त झालेला. लोखंडी पेटी, पुढं एका रांगेत सहा बटणं, आणि त्यांच्या खालची अक्षरं गुलालानं पार बुजून गेलेली. वरच्या बाजूला मात्र पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं होतं: 'हात लावू नये'. ही सूचना मंडळाच्या कार्यकर्त्यांपुरती असावी, असं मी गृहीत धरलं. सोबत एक माइकही होता, चांगली लांबलचक वायर असलेला. "तोही न्या," गृहस्थ म्हणाले. "इथे धूळ खातोय, तिथे खाईल."

शनिवारी दुपारी वानखेडेच्या साक्षीनं मी ती पेटी जोडली. अंदाजानं एक बटण फिरवलं. नक्की काय वाजलं ते मला आठवत नाही, कारण पहिल्याच ठोक्याला आईची फळीवरची भांडी खाली आली आणि खालच्या मजल्यावरच्या गोखले काकू वर आल्या.

"भूकंप तुमच्याकडूनच येतोय ना? नाही, खात्री करून घेतली. म्हटलं उगाच देवाला नावं ठेवायला नकोत."

वानखेडे खूश होता. "आता कसं!" एवढं बोलून तो आपल्या खोलीवर निघून गेला. माझ्या मागं आई उभी होती.

"उद्या मंजूला पाहायला येतायत," ती म्हणाली. "हे दोन राक्षस जरा झाकून ठेव. आणि शिरीष, उद्या तू फक्त बसायचं आहेस."

यातली गोष्ट अशी, की मंजूनं आधीची चार-पाच स्थळं फोटो बघूनच परत पाठवली होती. या मुकुंदचा फोटो मात्र ती तिच्या पुस्तकात ठेवून होती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे तिच्यासमोर ते माहीत नसल्यासारखं वागत होते. तेव्हा रविवार महत्त्वाचा होता.

रविवारी सकाळी आईनं स्पीकरवर चादरी घातल्या, वर फुलदाण्या ठेवल्या. जमिनीवर माइक पडला होता. पाहुणे अडखळतील म्हणून तिनं तो उचलला आणि वायरीसकट आत नेऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर, पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवला. वायर दुसऱ्या टोकाला पेटीत खोचलेलीच होती. ती काढायची असते हे तिला सांगणार कोण? मी. आणि मी तेव्हा दाढी करत होतो.

पाहुणे आले. मुकुंद, त्याचे वडील आणि त्याच्या आई. वडील पोहे संपवून सोफ्याच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या डुलायला लागले. मुकुंदला काहीही विचारलं की उत्तर आईंकडून यायचं.

"आपण हिंजवडीला असता ना?" बाबांनी मुकुंदला विचारलं.

"हो, हिंजवडीलाच असतो तो. बसनं जातो."

"वाचनाची आवड आहे का?" मंजूनं विचारलं.

"फार. पण डोळ्यांना त्रास नको म्हणून मी फार वाचू देत नाही."

मुकुंद तोंड उघडायचा आणि मिटायचा. मंजूचा चेहरा उतरत चालला होता. ती आणि आई चहा आणायला आत गेल्या, दार लोटलं गेलं, आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा संकोचल्यासारखं वाटायला लागलं. तेवढ्यात मुकुंद माझ्याकडे झुकून म्हणाला, "चादरीखाली... स्पीकर आहेत का?"

त्या दुपारचं त्याचं ते पहिलं वाक्य! ते ऐकून मी 'फक्त बसायचं' विसरलो. चादरी ओढल्या. फुलदाण्या बाबांनी झेलल्या.

"त्याला मोठा आवाज सोसत नाही," मुकुंदच्या आई म्हणाल्या.

"अगदी मंद लावतो! सनई!"

"शिरीष, बस," बाबा म्हणाले.

मी टेप सुरू केला आणि एक बटण जरासं फिरवलं. आवाज नाही. आणखी फिरवलं. नुसती घरघर. वानखेडेचे शब्द आठवले, पावर पाहिजे. मी ते बटण शेवटपर्यंत नेलं. ते बटण सनईचं नव्हतं, माइकचं होतं.

आधी विमान उडाल्यासारखा आवाज आला. तो आमच्या स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा होता. मग आकाश कोसळलं. ते बहुधा चहाच्या पातेल्यावरचं झाकण असावं. मुकुंदचे वडील दचकून उठले आणि सवयीनं "छान, छान" म्हणाले. आणि मग, मिरवणुकीच्या पूर्ण ताकदीनं, माझी आई बोलली.

"कसा वाटला गं?"

"कळायला त्याला बोलू दिलं तर ना!" मंजू गरजली. "त्यांच्याकडे प्रश्न कोणालाही विचारा, पेपर आईच सोडवणार!"

"हळू! बाहेर ऐकू जाईल!" आई कुजबुजली. त्या कुजबुजीनं खिडकीच्या काचा थरथरल्या.

मी पेटीवर झडप घातली. सहा बटणं, सगळी सारखी, सगळी गुलाबी! एक फिरवलं, तर आईचा आवाज नुसता चिरका झाला. दुसरं फिरवलं. ते प्रतिध्वनीचं निघालं.

"केस जरा कमी आहेत नाही... नाही... नाही..."

मुकुंदचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"केसांचं काय करायचंय मला, आई? एकदाच हसला, पण काय छान हसला. मला आवडला... आवडला... आवडला..."

आता खालून, वरून, समोरून खिडक्या उघडल्याचे आवाज येऊ लागले.

"फक्त दादाला आवर. तो त्या खोक्यांपाशी गेला, तर माझं लग्न मोडेल... मोडेल... मोडेल..."

"मोडत नाही गं!" खालच्या गॅलरीतून गोखले काकू ओरडल्या. "काळजी करू नकोस!"

पंख्याच्या घरघरीतूनही आतपर्यंत काहीतरी पोचलं असावं, कारण आई आश्चर्यानं म्हणाली, "अगंबाई, मंजू, त्यांच्यातलं कोणीतरी अगदी माझ्यासारखं बोलतंय... बोलतंय..."

फिजिक्सच्या डोक्यात उजेड पडत होता. मग दाही दिशांना ऐकू गेलं:

"दादाऽऽऽऽ!"

बाबांनी उठून भिंतीतली पिन उपटली. एम.एस्सी., बी.ई., अमरावती आणि हडपसर, सगळ्यांत मिळून ही अक्कल एकट्या त्यांना सुचली.

मुकुंदच्या आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, उठल्याच. मंजूनं पुस्तकात जपलेला तो फोटो माझ्या डोळ्यांपुढे आला. खरं सांगतो, त्या वेळी कोणी मागितले असते तर ते दोन्ही स्पीकर मी रद्दीत दिले असते.

इतक्यात खुसखुस ऐकू आली. मुकुंद हसत होता. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मुकुंद, हसू नकोस," त्याच्या आई म्हणाल्या.

"आई, एक मिनिट. या वेळी मी बोलतो." तो उठला, स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारापाशी गेला आणि साध्या, माणसाच्या आवाजात म्हणाला, "मलाही आवडली आहे. आणि केस खरंच कमी आहेत."

आत काहीतरी सांडलं. बऱ्याच वेळानं मंजू बाहेर आली, कानापर्यंत लाल. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ स्पीकरमागं गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "हे बघा. एकाची वायर उलटी आहे. एक पुढं ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय. मग आवाजात जीव कुठून येणार?"

"मला वाटलंच होतं," मुकुंद म्हणाला आणि तोही मागं जाऊन वाकला.

दोघांनी मिळून वायर सुलटी केली. त्या कामाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ ती दोघं त्या खोक्यांमागं बसून बोलत होती. मी विजेरी धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं आईनं डोळ्यांनीच मला तिथून हलायला सांगितलं. मग मंजूनं माझा तो जुना छोटा ॲम्प्लिफायर जोडला, आणि खोलीभर सनई अशी पसरली की मुकुंदचे वडील पुन्हा सुखानं डुलायला लागले. वीस वॅट पुरून उरले होते.

"या घरात मोठ्यानं बोलतात," निघताना मुकुंदच्या आई चपला घालत म्हणाल्या. "पण निदान खरं बोलतात." होकार दुसऱ्याच दिवशी आला.

त्यांनी एकच अट घातली. मानपान नको, आहेर नको. फक्त मुलीच्या भावाला कार्यालयात माइक, बटण किंवा प्लग यांच्या जवळपास बसवायचं नाही. बाबांनी अट आनंदानं मान्य केली आणि आणखी थोडी वाढवून घेतली. त्यामुळे एकुलत्या एका बहिणीच्या लग्नात मी दिवसभर बाहेरच्या अंगणात, चपलांच्या ढिगाशेजारी उभा होतो. येणारे पाहुणे चौकशी करायचे, "आपण कोण?" मी म्हणायचो, "मुलीचा सख्खा भाऊ."

"अहो, मग आत का नाही?"

"आत प्लग आहेत," मी शक्य तितक्या शांतपणे सांगायचो. आणि माणूस मुकाट्यानं काढलेल्या चपला पुन्हा उचलून, आपल्याबरोबर आत घेऊन जायचा.