थोरल्या जाऊबाईंचं बीजगणित

आमच्या थोरल्या जाऊबाईंना आजवर कुणी एकही गोष्ट नुसती सांगून पटवलेली नाही. डॉक्टरांनी जेवणानंतर घ्या म्हणून दिलेली गोळी त्या एक दिवस जेवणाआधी घेऊन बघतात, काय होतं ते कळावं म्हणून. किराणा दुकानातला वजनकाटा खरा की खोटा हे ठरवायला त्यांनी एकदा घरून पाटा-वरवंट्यातला वरवंटा पिशवीत घालून नेला होता आणि दोन दुकानांत तो तोलून घेतला होता. घोड नदीच्या काठचं आमचं गाव, झेंडू, कांदा आणि जमेल तशी तरकारी करणारं आमचं घर, आणि त्या घरात मी धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा माझं गणितातलं एम.एस्सी. ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरल्या जाऊबाईंनी मात्र मला चुलीजवळ नेऊन विचारलं होतं, "एवढ्या भाकरीला पीठ किती लागंल?" मी सांगितलेलं पीठ उरलं. पुढची कित्येक वर्षं माझ्या शिक्षणाबद्दल त्यांचं मत त्या उरलेल्या पिठाएवढंच होतं.

गावातली अंगणवाडी त्या चालवतात. वरची जागा, म्हणजे मुख्यसेविकेची, मिळायची तर पदवी हवी, आणि तिला वयाची अट. म्हणून त्यांनी चाळिशीत बाहेरून पदवीचा फॉर्म भरला. खरं तर तो भरला शिरूरच्या एका सायबर कॅफेवाल्यानं, आणि त्यानं पहिल्या वर्षाच्या विषयांत चुकीच्या चौकटीवर टिचकी मारली. घरी पुस्तकं आली त्यात 'पायाभूत बीजगणित' निघालं. बदलून घेता आलं असतं, पण जाऊबाई म्हणाल्या, आलंय वाट्याला तर बघू काय म्हणतंय ते. बाकी सगळे विषय तीन वर्षांत निघाले. बीजगणित तेवढं दोनदा राहिलं. आता अट अशी येऊन ठेपली होती की यंदा नाही तर कधीच नाही. मग एका दुपारी त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी शिरूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, हे इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मान्य केलं.

शिकवणी कांदे साठवायच्या चाळीत, चार ते पाच. माझं कॉलेज सकाळचं आणि त्यांची अंगणवाडी दुपारी सुटायची, म्हणून ही वेळ. चाळीत एक जुनी बाज होती आणि कुणी येत नसे. चारच्या ठोक्याला त्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, आत यायचं का?" पूर्ण तासभर मी मॅडम आणि तुम्ही. पाच वाजले की वही मिटायची आणि त्याच तोंडानं, "ए, चल, च्या ठेव." मला हे जमवायला महिना लागला. ज्या बाईच्या समोर मी आजवर खुर्चीत बसले नव्हते, तिला 'चूक' म्हणायचं, आणि तासाभरानं तिच्याच हाताखाली कांदा चिरायचा. एकदा चाचणीत मी त्यांना शंभरपैकी एकोणीस दिले. त्या रात्री माझ्या ताटात पिठलं वाढताना त्यांचा हात जरा थांबला, पण शेवटी वाढलं.

त्यांचं आणि बीजगणिताचं भांडण पहिल्या पानापासून होतं. क्ष त्यांना मुळीच आवडला नाही. "काल ह्यो चार व्हता, आज सात झाला. असल्या मानसाला मी उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई," असं त्यांनी मला शिकवणीबाहेर स्वयंपाकघरात सांगितलं. पक्षांतरावर तर त्या आठवडाभर अडून होत्या. मी सांगितलं की संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडं गेली की अधिकाची वजा होते. त्यांनी विचारलं, बाई सासरहून माहेरी गेली म्हणून तिचा स्वभाव बदलतो का. शेवटी मी दोन्हीकडून सारखंच काढून घेतो असं तराजू धरून दाखवलं, तेव्हा त्यांनी हो म्हटलं, आणि मग प्रत्येक गणिताखाली उत्तर घालून पडताळा करायची त्यांना इतकी गोडी लागली की एका गणिताची दोन पानं व्हायला लागली. परीक्षेत वेळ पुरणार नाही म्हणून मी ओरडायची. पडताळ्याशिवाय ओळ ओढायला त्यांचा हात धजत नसे.

पण खरी अडचण वेगळी होती, आणि आधीच्या दोन्ही परीक्षांत त्या तिथंच राहिल्या होत्या. वजा गुणिले वजा अधिक, हे त्यांना मान्य नव्हतं. एखाद्या संख्येचा वर्ग पंचवीस, तर ती संख्या कोणती, या प्रश्नाला त्या पाच लिहायच्या. वजा पाच लिहायच्या नाहीत. जे पटलं नाही ते आपल्या हातानं लिहायचं म्हणजे खोटी सही करण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. वर्गसमीकरणांचे निम्मे गुण तिथं जायचे. मी नियम सांगितला, तक्ता काढला, शत्रूचा शत्रू तो मित्र असंही सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, आपल्या गावात तसं होत नाही, शत्रूचा शत्रूसुद्धा शत्रूच निघतो.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना माझा संयम सुटला. मी म्हणाले, "आक्का, अकरा वर्षं शिकवतेय मी. एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलेलं नाही. कारण विचारू नका, पाठ करा."

त्यांनी वही मिटली. पाच वाजायला अजून वेळ होता. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "मंजी तुम्हालाबी ठाव न्हाई व्हय, मॅडम?"

मी उठून निघून आले. राग त्यांचा आला असं मी स्वतःला सांगत होते, पण कॉलेजच्या फळ्यापुढं उभं राहिलं की कळायचं, राग कशाचा आहे ते. सिद्धता मला येत होती, कागदावर चार ओळींत मांडता आली असती. पण का, हे एखाद्या शहाण्या माणसाला समजेल असं सांगायचं तर माझ्याकडं काही नव्हतं. अकरा वर्षं मी मुलांना नियम वाटत होते आणि मुलं ते मुकाट घेत होती.

नऊ दिवस आम्ही बोललो नाही. एका स्वयंपाकघरात दोन बायकांनी नऊ दिवस न बोलणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. त्यांना मला काही सांगायचं असेल तर त्या गोठ्याकडं तोंड करून म्हशीला सांगायच्या, दूध तापवायचं राहिलंय म्हणून. थोरले भाऊजी एकदा धीर करून जाऊबाईंना म्हणाले की अभ्यास राहू दे, तू अशीच बरी आहेस. पण त्या रोज चारला चाळीकडं बघायच्या, हे मी खिडकीतून बघत होते, आणि मी उठत नव्हते. परीक्षेपर्यंतचे दिवस सरत चालले होते. तरी पाय निघायचा नाही.

विहिरीचं पाणी मोजायचं काम त्यांच्याकडं असतं. गाठी मारलेली दोरी सोडून रोज सकाळी पाणी किती हात उतरलं ते त्या बघतात, मग कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचं ते ठरतं. दहाव्या दिवशी मी कॉलेजहून आले तर त्या चारच्या आधीच चाळीच्या दाराशी उभ्या, हातात ओली दोरी. "मॅडम, आत यायचं का?"

आम्ही बसलो. त्यांनी दोरी बाजेवर ठेवली आणि सांगायला लागल्या. सुरुवात पुस्तकी भाषेत केली, पण दोन वाक्यांत ती सुटली. "हिरीचं पानी रोज दोन हात उतरतंय. म्हंजी वजा दोन. तीन दिसांनी कुठं आसंल? सा हात खाली. वजा सा. बराबर?"

मी मान हलवली.

"आन् तीन दिसांमागं कुठं व्हतं? तीन दिस मागं म्हंजी वजा तीन. रोजचे वजा दोन. तवा पानी आजच्यापरीस सा हात वर व्हतं." त्यांनी दोरीची सहावी गाठ बोटांत धरली. "उतरत्या पान्याच्या मागं मागं जावा, हीर भरत जाती. हेच व्हय तुमचं वजा गुनिले वजा?"

मी हो म्हणाले. मग म्हणाले की मला हे असं ठाऊक नव्हतं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि वही उघडली. पुढचे चार दिवस त्यांनी मागच्या सगळ्या वह्यांतली गणितं काढून प्रत्येकाशेजारी राहिलेलं वजा उत्तर लिहिलं. कुणाचा तरी विनाकारण अपमान केला होता आणि आता घरोघर जाऊन माफी मागत होत्या, तशा.

परीक्षा दौंडला, अकरा वाजता. कॉलेजातून रजा घेऊन मीही निघाले. आठच्या गाडीनं निघालो असतो तर बरं झालं असतं, पण अंगणवाडीतल्या पोरांच्या खिचडीची सोय लावल्याशिवाय त्या हलेनात, आणि नऊची गाडी मिळाली. हंगाम चालू होता. भीमेच्या पुलाच्या अलीकडं उसाची जोडट्रॉली उलटून रस्ताभर ऊस पसरला होता. साडेदहा वाजले. कंडक्टर म्हणाला, तासभर तरी लागेल. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला तर आत घेत नाहीत, हे हॉलतिकिटावर छापलेलंच होतं. जाऊबाई उठल्या, हॉलतिकिटाची पिशवी पदराला बांधली आणि गाडीतून उतरून उसावरनं चालायला लागल्या. मी मागं. कांडी पायाखाली फिरायची, मी दोनदा पडले. त्या मागं बघत नव्हत्या.

पलीकडच्या बाजूला अडकलेल्या गाड्या परत वळत होत्या. फ्लॉवर भरलेल्या एका पिकअपचे मामा आम्हाला दौंडला सोडायला तयार झाले. किती वेळ लागेल, असं जाऊबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, सहा किलोमीटर हाय, वीस मिंटं धरा. त्यांनी क्षणभर हिशेब केला. "मंजी तासाला अठरा. मामा, त्यापरीस सायकल बरी." मामांनी आरशात त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मग जी गाडी काढली, ती आम्ही सव्वाअकराला केंद्राच्या दारात उतरलो.

बाहेर कडुलिंबाच्या पारावर मी बसून होते. माझ्या स्वतःच्या कुठल्याच परीक्षेला मी एवढी घाबरले नव्हते. सगळे बाहेर आले, त्या सर्वांत शेवटी. चेहऱ्यावरून काही कळेना. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की एक प्रश्न चुकीचा होता. दोन लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांचा गुणाकार पन्नास, तर त्या संख्या काढा. पर्यवेक्षकांना त्यांनी सांगितलं, तर ते म्हणाले, काहीतरी लिहा आणि पुढं चला. जाऊबाईंनी अर्धा तास त्यावर घालवला. शेवटी लिहिलं, अशा संख्या नाहीत. सहा साते बेचाळीस, सात आठे छप्पन्न, मधे पन्नास बसत नाही. प्रश्न पुन्हा वाचावा. त्या नादात शेवटची दोन गणितं राहिली.

मी कपाळाला हात लावला. "आक्का, काहीतरी लिहून सोडायचं ना."

"काहीतरी कसं लिहू?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारत होत्या.

निकालाला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत त्यांनी परीक्षेचं नाव काढलं नाही, पण झेंडू तोडताना त्यांच्या टोपलीत कळ्यासुद्धा यायला लागल्या. निकाल मी कॉलेजात मोबाइलवर पाहिला आणि त्यांना लगेच फोन केला. शंभरपैकी बेचाळीस. उत्तीर्ण. चुकीच्या प्रश्नाचे पाच गुण सरसकट सगळ्यांना दिले होते. घरी आले तर पेढे नाहीत, काही नाही. त्या चाळीत बाजेवर बसल्या होत्या. पाच वजा केले तर सदतीस राहतात आणि पास व्हायला चाळीस लागतात, असं त्या म्हणाल्या. "मंग मी खरी पास का खोटी?"

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "ज्यांनी काहीतरी लिहिलं, त्यांना ते पाच गुण फुकट मिळाले. तुम्ही बरोबर उत्तर लिहिलंय. ते गुण तुमचे आहेत." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर कांदा किती डोळ्याला लागतो म्हणाल्या.

जागा मिळाली, पण दौंडच्या बाजूला. सोमवार ते शुक्रवार त्या तिथं खोली घेऊन राहतात, शनिवारी घरी येतात. घर चालतं. भाऊजी आता स्वतःचा चहा स्वतः करतात. अंगणवाडीची नवी बाई चांगली आहे. मला मात्र कुणी काही विचारत नाही. मी सांगते ते सगळे मान्य करतात, घरातले आणि वर्गातलेही, आणि तेवढ्यानं मला उगाच एकटं वाटतं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी बरोबरच फाट्यावर येतो. मग त्या दौंडच्या बाजूला उभ्या राहतात, मी रस्ता ओलांडून शिरूरच्या बाजूला. मधून उसाचे ट्रॅक्टर जात असतात, म्हणून बोलता येत नाही. बहुतेक त्यांचीच गाडी आधी येते. त्या चढतात, खिडकीपाशी बसतात आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत राहतात. हात वगैरे करायची आम्हाला सवय नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिकडंच तोंड करून उभी असते. परवा त्यात माझी गाडी माझ्यामागं येऊन थांबली आणि निघूनही गेली, ते मला कळलं नाही.