मला बघून आवरलेलं हसू

मार्थामावशीच्या खोलीतून बायकांचं खळखळून हसणं ऐकू येत होतं. मी दारात उभी राहिले आणि ते थांबलं. "सलाम, बाई," म्हणत एकीने टीव्ही बंद केला, दुसरीने खुर्ची पदराने पुसून पुढे केली. बाकी सगळ्या जमिनीवर बसल्या.

"कशाला हसत होतात? मलाही सांगा ना."

"काही नाही बाई, असंच."

पाळकसाहेब, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून या वस्तीतलं चर्चच्या मंडळीचं काम मीच बघते. धान्य, औषधं, मुलांच्या शाळा, प्रार्थना. इथल्या प्रत्येक घरातलं रडणं मला ठाऊक आहे. माणसं माझ्यापाशी दुःख विश्वासाने मोकळं करतात. हसू मात्र मला बघून आवरतात. मान दिला की माणूस असा थोडा दूरच बसवला जात असेल.

प्रार्थना करून निघाले, तर मावशी कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "रागवू नका बाई. तुम्ही दिलेला कोट घालून आमचा म्हातारा टँकरवर पाण्याला गेला. टँकरवाला म्हणतो कसा, 'साहेब, आधी तुमचा हंडा भरा!'"

मी भर रस्त्यात हसत सुटले. मावशीही हसली आणि लगबगीने परत आपल्या बायकांत गेली.

घरी पोचेपर्यंत मला राहून राहून हसू येत होतं. कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि "अहो, ऐकलंत का?" असं तोंडातून निघूनही गेलं.