कुरखेड्याला दोन कॅमेरे

राजुऱ्याच्या स्टँडवर सकाळची चंद्रपूर गाडी धरली, तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत लुगडं आणि गोळ्या, दुसरीत दोन कॅमेरे. एक आमचा जुना डीएसएलआर, मोठा, काळा, पोटात आरसा असलेला. दुसरा मुलीच्या मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी मागून आणलेला, बिनआरशाचा. त्याला मिररलेस म्हणतात.

माझी शाळा चौथीपर्यंत. फोटो काढायला नवऱ्याने शिकवलं. ते गेल्यापासून स्टुडिओ मी चालवते. आता उजवं मनगट दुखतं. जुना कॅमेरा डोळ्याला लावला की हात थरथरतो आणि फोटो हलतो. वंदना, माझी मुलगी, म्हणाली, "आई, हा दुकानात देऊन टाकू, बदल्यात नवा घेऊ. नाई तं काम सोड." मला काम सोडायचं नव्हतं आणि नवऱ्याच्या हातचा कॅमेराही द्यायचा नव्हता. म्हटलं, आधी दोन्ही वापरून बघते, मग सांगते. कुरखेड्याजवळ नणंदेकडे जायचंच होतं. तिला स्वतःचा एक चांगला फोटो हवा होता, मेल्यावर भिंतीवर लावायला.

चंद्रपूरला गाडी बदलली. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं. सागाची पानं झडली होती, मध्येच पळस लाल फुललेला. शेजारी सुक्या झिंग्यांची (लहान कोळंबी) टोपली घेऊन एक बाई बसली होती. मी दोन्ही कॅमेरे मांडीवर काढले. ती बराच वेळ बघत राहिली.

"हा लहाना त्या मोठ्याचं लेकरू व्हय काय?" तिने विचारलं.

"लेकरू नाही, सवत आहे," मी म्हटलं. ती हसली आणि टोपली पायांत ओढून मला जागा करून दिली.

नवा हलका होता, खोटं कशाला बोलू. मनगटाला कळलंही नाही. खिडकीतून पळसाचे वीसेक फोटो काढले, सगळे स्वच्छ. नंतर नुसता डोळ्याला लावून जंगल बघत बसले. मग वैनगंगेचा पूल आला. पात्रात वाळू, मध्ये पाण्याची एक निळी रेघ, एक डोंगा. कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळा काळोख. बॅटरी संपली होती. आरशाच्या कॅमेऱ्यात बॅटरी मेली तरी नदी दिसते. या नव्यात डोळ्याशी छोटा टीव्ही आहे. लाइट गेली की टीव्ही बंद.

"डोळ्यानं पाह्य ना मंग," झिंगेवाली म्हणाली. तोवर पूल संपला होता.

कुरखेड्याहून ऑटोने नणंदेच्या गावी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. डोळे जवळजवळ गेलेले. अंगणात येऊन तिने आधी माझं मनगट चाचपलं. "सुजलं वं, शेवंता," म्हणाली. जेवायला भात, लाखोरीचं वरण आणि जवसाची चटणी होती. मी दोनदा भात घेतला. बाहेरच्या भाताला ती चव नसते. झोपण्याआधी नव्याची बॅटरी चार्जिंगला लावली.

सकाळी बांधावरच्या मोहाखाली गेलो. बाई आता जंगलात जात नाही, वाघाची भीती. हे झाड घरचं. खालचा पाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी केलेली, म्हणजे फुलं नीट दिसतात. बाईला तीही दिसत नाहीत. ती बसून सरकत होती आणि बोटांनी एकेक फूल उचलत होती. एकही सुटत नव्हतं.

टोपली भरल्यावर तिने पदर सारखा केला आणि झाडाला टेकून ताठ बसली. "काढ."

आधी जुना घेतला. हात थरथरला, फोटो हलला. मग नवा घेतला आणि बटण दाबलं. बाई तशीच बसलेली. पुन्हा दाबलं. तिचं तोंड लाल होत चाललं. तेव्हा मला आठवलं. भावाने तिला तरुणपणीच सांगून ठेवलं होतं, खट् आवाज येईपर्यंत हलू नको, श्वास सोडू नको. सत्तर वर्षांची झाली तरी ती तेच पाळत होती, आणि या कॅमेऱ्याला आवाजच नव्हता.

शेवटी तिने श्वास टाकला. "काढून राह्यली का झोपली वं?"

वंदनाला फोन लावला. तिने सांगितलं, आवाज लावता येतो. कुठे दाबायचं तेही सांगितलं. लावला. टिक् झालं.

"हे तं पाल चुकचुकली," बाई म्हणाली. "माह्या भावाचा कॅमेरा असा नाई बोलत."

मग मी जुना मांडीवर ठेवला आणि नव्याचा आवाज बंद करून तो डोळ्याला लावला. डाव्या हाताने जुन्याचं बटण दाबलं. खट्.

बाईने श्वास सोडला. खांदे उतरले. "झालं माय एकदाचं," म्हणाली आणि हसली. त्याच वेळी मी नव्याने फोटो काढला. तिला कळलं नाही.

रीळ होतं तेव्हा नवरा माणशी दोन फोटो काढायचा. रीळ वाया घालवता म्हणून मी भांडायचे. ते म्हणायचे, पहिला समोरच्याचा, दुसरा आपला. इतकी वर्षं मला वाटायचं, पहिला बिघडला तर असावा म्हणून दुसरा. आता कळलं, दुसरा म्हणजे माणसाने श्वास सोडल्यावरचा.

"डोळे उघडे हाय ना?" बाईने विचारलं. "मागच्या फोटोत मिटले होते म्हने."

"उघडे आहेत."

"कोनासारखी दिसून राह्यली?"

"तुमच्या भावासारख्या दिसता, बाई."

तिने टोपलीतली फुलं उगीच खालीवर केली. "त्याचं नाक चांगलं होतं," म्हणाली. "माह्यं बसकं हाय."

मी रडणारी बाई नाही. पण तो फोटो मी परतीच्या गाडीत गडचिरोलीपर्यंत पाहत आले, आणि पूल यायच्या आधी कॅमेरा बंद केला. नदी या वेळी डोळ्यांनी पाहिली.

राजुऱ्याला वंदना स्टँडवर आली होती. "काय ठरलं, आई?"

"नवा घे. पण हा दुकानात द्यायचा नाही."

"फोटो हलतेत त्यानं. काय करशील त्याचं?"

"मांडीवर ठेवीन," मी म्हटलं. "त्याचा आवाज आला की लोक श्वास सोडतात."

तिने कॅमेऱ्यांची पिशवी उचलली. "केवढी जड हाय वं," म्हणाली, आणि घरापर्यंत तिनेच नेली.